खालच्या ओठाचे वय

1875 सालच्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार वयाची 18 वर्षे पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो, आणि या बाबतीत कायदा इतका काटेकोर आहे की अठराव्या वाढदिवसाची सकाळ उजाडण्याचीही वाट न पाहता, तो दिवस सुरू होताक्षणी, म्हणजे मध्यरात्रीचे बारा वाजताच, त्या इसमाच्या अंगी सज्ञानता आली असे तो मानतो. कायदेकर्त्यांनी माणसाचे वय एकगठ्ठा मोजले, अवयववार मोजले नाही, ही मात्र त्यांची चूक म्हटली पाहिजे. चाळिशीतल्या माणसाचे गुडघे साठीचे असू शकतात, याची जशी या कायद्याला दखल नाही, तशीच खालचा ओठ, गाल, मान आणि पाठ हे चार अवयव कित्येक सद्गृहस्थांच्या बाबतीत पाच वर्षांच्या पुढे सरकतच नाहीत याचीही नाही. अशा व्यक्ती वेळेवर आयकर भरतात, गृहकर्जाचे हप्ते फेडतात, मुलांना ‘जरा मोठ्यासारखं वाग’ असे बजावतात, आणि पानात लोणचे वाढायचे राहिले तर पुढचे दोन दिवस घरात कोणाशी बोलत नाहीत.

या प्रकाराला मानसशास्त्रात भावनिक अप्रौढता असे भारदस्त नाव आहे. आपल्याला काय हवे आहे ते तोंडाने सांगण्याऐवजी इतरांनी ते ओळखावे, आणि ओळखता आले नाही तर त्यांनी त्याची शिक्षा भोगावी, अशी अपेक्षा बाळगणे हा तिचा एक ठळक विशेष होय. ॲना फ्रॉइड यांनी 1936 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मनाच्या बचावयंत्रणांची जी मांडणी केली, तीत प्रतिगमन नावाची एक यंत्रणा येते. प्रतिगमन म्हणजे संकटाच्या प्रसंगी माणसाने विकासाच्या आधीच्या पायरीवर परत जाणे. ही संज्ञा येथे वापरण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा, कारण मागे जाण्यासाठी आधी पुढे जाऊन आलेले असावे लागते.

मराठी भाषेने मात्र या विषयाचा अभ्यास मानसशास्त्राच्या पुष्कळ आधी आणि अधिक बारकाईने केलेला दिसतो. राग ‘येतो’, म्हणजे तो पाहुण्यासारखा बाहेरून येतो आणि माणसाचा त्याच्यावर फारसा ताबा नसतो. अबोला ‘धरतात’, म्हणजे त्याला हात लागतात आणि सोडायचे ठरवले तर तो सोडताही येतो. आणि रुसून, फुगून व अडून माणूस ‘बसतो’. या तिन्ही क्रियांना बसणे हेच सहायक क्रियापद लागावे, हा निव्वळ व्याकरणाचा योगायोग नव्हे. रुसून कोणी उभे राहत नाही. उभे राहिलेल्या माणसाला पाणी आणायला सांगता येते, दार उघडायला सांगता येते, निदान ‘जरा बाजूला व्हा’ असे तरी म्हणता येते. रुसव्याला स्थैर्य लागते, आणि ते बैठकीतच मिळते. रागाला एकटेपण चालते, रिकाम्या खोलीतही माणूस चरफडू शकतो. परंतु रुसव्याला काढणारा लागतो, आणि काढणारा आसपास नसेल तर रुसण्यात वेळ घालवण्याइतका अव्यवहारी मनुष्य आजवर पाहण्यात आलेला नाही.

पंढरपूरच्या आख्यायिकेतही आसनांची हीच वाटणी कायम आहे. रुसलेली रुक्मिणी दिंडीरवनात जाऊन बसली, आणि तिच्या शोधात आलेला देव पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. म्हणजे रुसणारा बसतो आणि समजूत काढायला निघालेला उभा राहतो. पंढरपुरात रुक्मिणीचे देऊळ आजही वेगळे आहे, यावरून या प्रकरणाचा निकाल लागायला किती वेळ लागतो याचा अंदाज भाविकांनी आपापला करावा. देहबोलीच्या लोकप्रिय पुस्तकांत कमरेवर हात ठेवून उभे राहणे हे वर्चस्वाचे किंवा आक्रमक तयारीचे लक्षण म्हणून सांगितलेले असते. त्या पुस्तकांच्या आधारे विटेवरच्या मूर्तीचे परीक्षण करू पाहणाऱ्याला वारकरी काय उत्तर देतील हे सांगायला नको, पण त्यातून एक शास्त्रीय सावधगिरी जरूर शिकता येते, ती अशी की एकट्या हावभावाला अर्थ नसतो. तो कोणाचा, कोणासमोर आणि किती वेळ, हे पाहावे लागते.

हावभावांच्या आधुनिक अभ्यासाचा एक आरंभबिंदू म्हणून चार्ल्स डार्विन यांच्या 1872 सालच्या, माणूस व प्राणी यांच्या भावाविष्कारांवरील ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. या ग्रंथात रुसण्याचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. निरनिराळ्या खंडांतल्या आपल्या परिचितांना आणि पत्रमित्रांना डार्विन यांनी एक प्रश्नावली धाडली होती, आणि रुसलेली मुले ओठ पुढे काढतात का, असा प्रश्न तीत होता. त्याच ग्रंथात एका चिंपांझीचे चित्र आहे: त्याला संत्रे देऊ केले, आणि लगेच काढून घेतले, त्यावर त्याने खालचा-वरचा असे दोन्ही ओठ लांबवून जे तोंड केले ते चित्रकाराने टिपले आहे. नागपूरकरांना या प्रयोगातले क्रौर्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. डार्विन यांच्या प्रश्नावलीत दोष एकच राहिला, तो म्हणजे त्यांनी प्रश्न मुलांपुरता विचारला. एखाद्या मराठी लग्नाच्या मांडवातून उत्तर मागवले असते तर ‘मुले’ हा शब्द गाळावा अशी सूचना परतीच्या टपालाने नक्की गेली असती.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने ओठ पुढे येण्याचे काम हनुवटीत असलेल्या एका लहानशा स्नायूचे असते. तो आकसला की हनुवटीवर सुरकुत्या पडतात आणि खालचा ओठ वर व बाहेर ढकलला जातो. लहान मुलात हा स्नायू निःसंकोचपणे काम करतो. प्रौढ माणसाला मात्र आपण प्रौढ असल्याची बातमी लागलेली असल्यामुळे तो ओठ पुढे येऊ देत नाही, आत ओढून घट्ट मिटतो, आणि त्यातून अडलेली शक्ती इतरत्र वाट काढते. स्वयंपाकघरात ती भांड्यांतून बाहेर पडते, म्हणजे पातेले ठेवले जात नाही, आपटलेही जात नाही, तर ठेवणे आणि आपटणे यांच्या नेमक्या मध्यावर असलेल्या अशा रीतीने ते ओट्यावर येते की आवाज व्हावा, पण ‘आपटलं का?’ असे कोणी विचारल्यास ‘छे, हात निसटला’ असे म्हणता यावे. कचेरीत ती टेबलाच्या खणातून बाहेर पडते. निवृत्त गृहस्थांच्या बाबतीत ती वर्तमानपत्रातून बाहेर पडते, कारण वर्तमानपत्र हे एकाच वेळी आडोसा आणि वाद्य असते: चेहरा लपवता येतो आणि पान उलटताना हवा तितका आवाजही काढता येतो. एकच पान तीनदा उलटणाऱ्या माणसाला मथळ्यांपेक्षा स्वयंपाकघरातल्या हालचालींत अधिक रस आहे असे खुशाल समजावे.

याच टप्प्यावर ‘काय झालं?’ हा प्रश्न विचारला जातो आणि त्याला ‘काही नाही’ असे उत्तर येते. मराठीतले हे दोन शब्द म्हणजे देहबोलीच्या अभ्यासकाची खाण होय. आल्बर्ट मेहराबियन यांनी 1967 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असा एक हिशेब निघाला की बोलणाऱ्याच्या भावनेचा अर्थ लावताना शब्दांचा वाटा 7 टक्के, स्वराचा 38 टक्के आणि चेहऱ्याचा 55 टक्के असतो. हे आकडे पुढे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून सगळ्याच संभाषणाला सरसकट लावले गेले, जे चूक आहे. ते प्रयोग सुटे शब्द घेऊन, आवडीनिवडीसारख्या भावनांबद्दल आणि मुख्यतः शब्द व सूर एकमेकांशी जुळत नसतानाच्या परिस्थितीत केलेले होते. परंतु ‘काही नाही’ या उत्तरात नेमके हेच घडते. शब्द नकाराचे असतात, सूर तक्रारीचा असतो आणि मान खिडकीकडे वळलेली असते. येथे शब्दांना सात टक्के देणे म्हणजे औदार्यच झाले. ‘काही नाही’ हे उत्तर खरे मानून जो आपल्या कामाला निघून जातो, त्याच्यावर पुढील आठवडाभर ओढवणाऱ्या प्रसंगांना सर्वस्वी तोच जबाबदार असतो.

रुसव्याचा आणि जागेचा संबंध हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. वाल्मीकींच्या अयोध्येत कैकेयीसाठी क्रोधागार होते; तेथे जमिनीवर पडून दागिने भिरकावण्याइतकी ऐसपैस सोय होती आणि दशरथाला तिथपर्यंत चालत जावे लागले. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने 1966 साली माणसामाणसांतल्या अंतरांचे चार पट्टे सांगितले: सुमारे दीड फुटापर्यंत जिव्हाळ्याचे, चार फुटांपर्यंत वैयक्तिक, बारा फुटांपर्यंत सामाजिक आणि त्यापुढे सार्वजनिक. आता मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तेथे नवरा-बायकोतले संबंध कितीही ताणले गेले तरी त्यांना सार्वजनिक अंतरावर नेण्यासाठी दोघांना समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीला चिकटून बसावे लागेल. क्रोधागार नाही, अंतर नाही, तरी रुसायचे तर आहेच, अशा अडचणीतून पाठ फिरवण्याची कला विकसित झाली. दोन हातांवर बसलेल्या माणसाने धडाचा नुसता कोन बदलला की तो मनाने कसाऱ्यापलीकडे गेला असे घरातल्यांना मानावे लागते. हा कोन पूर्ण 180 अंशांचा क्वचितच असतो, कारण पूर्ण पाठ फिरवल्यास समजूत काढायला कोणी येते आहे की नाही ते दिसत नाही. अनुभवी रुसणारे सव्वाशे-दीडशे अंशांवर थांबतात आणि उरलेले काम डोळ्यांच्या कोपऱ्यावर सोपवतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात मस्तकाच्या 13 हालचाली आणि 36 प्रकारच्या दृष्टी सांगितल्या आहेत, तेव्हा इकडे कोणी लक्ष दिले नाही असे म्हणता येणार नाही. पुढच्या शास्त्रकारांनी तर ‘मान’ म्हणजे प्रेमिकांचा रुसवा हा विरहाचाच एक प्रकार ठरवला. माणसे जवळ असूनही त्यांच्यात अंतर पडते म्हणून तो विरह. दहाव्या शतकातल्या धनंजयाने दशरूपकात हा मान काढण्याचे सहा उपाय क्रमवार दिले आहेत: साम, भेद, दान, नती, उपेक्षा आणि रसांतर. शास्त्रकारांनी हे उपाय प्रामुख्याने नायिकेच्या रुसव्यासाठी सांगितले, नायकाच्या दाढीखाली काय चालले आहे याची विशेष चौकशी केली नाही. किर्लोस्करांच्या 1882 साली रंगभूमीवर आलेल्या सौभद्रातही रुसते ती रुक्मिणी आणि आळवतो तो कृष्ण. प्रत्यक्षात या उपायांचा जेवढा वापर मराठी लग्नात वधूच्या थोरल्या काकांवर होतो, तेवढा शृंगारात क्वचितच झाला असेल.

काकांचे नाव निमंत्रणपत्रिकेत धाकट्या भावाच्या खाली छापले गेले आहे, एवढेच कारण धरून चालावे. काका मांडवात येतात, कारण न येणे हे उघड भांडण झाले असते. परंतु ते पुढच्या सोफ्यावर न बसता सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, कुलरच्या वाऱ्याच्या बाहेर बसतात. हातांची घडी घातलेली असते, पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले असतात आणि नजर मंगलकार्यालयाच्या छतावर, जणू काही पंख्यांची मोजदाद त्यांच्याकडे सोपवलेली आहे. वाटलेल्या अक्षता मुठीत तशाच राहतात, किंवा टाकल्याच तर वधूवरांच्या दिशेने नव्हे, समोरच्या रांगेतल्या गृहस्थाच्या कॉलरमध्ये पडतील अशा बेताने टाकल्या जातात.

आता उपाय सुरू होतात. साम म्हणजे गोड बोलणे: ‘काका, तुम्ही पुढे नसाल तर कार्याला शोभा काय?’ याने हातांची घडी सुटत नाही, पण किंचित सैल होते. भेद म्हणजे रुसलेल्या व्यक्तीच्या जवळच्या माणसाला आपल्याकडे वळवणे. धनंजयाच्या मनात येथे नायिकेच्या सख्या होत्या, मांडवात काकू असतात. हा उपाय मात्र हटकून फसतो, कारण ‘मला नका सांगू, मी तीस वर्षं हेच बघतेय’ असे म्हणून काकू साडीच्या निऱ्या सारख्या करतात आणि फोटोसाठी स्टेजवर निघून जातात. दान म्हणजे आहेर. टॉवेल-टोपीवर पूर्वी भागत असे, पुढे शाल-श्रीफळापर्यंत मजल गेली. शाल अंगावर घालताना काका मान खाली घालतात, ती विनयाने नव्हे, शालीचा पोत पाहण्यासाठी. नती म्हणजे पाया पडणे. हा सर्वांत गुणकारी उपाय, आणि वधूवरांनी थोरांना नमस्कार करण्याचा कार्यक्रमच विधीत असल्यामुळे तो वेगळा योजावाही लागत नाही. जोडपे दोन खुर्च्या अलीकडे आले की इतका वेळ खुर्चीखाली असलेली काकांची पावले आपोआप चार बोटे पुढे सरकतात. ही हालचाल काकांच्या लक्षात येत नाही. बाकी सगळ्यांच्या येते.

एवढ्याने न भागल्यास शास्त्र उपेक्षा सांगते, म्हणजे सगळे प्रयत्न थकल्यावर सरळ दुर्लक्ष करावे. मराठी यजमानाची एवढी छाती नसते, कारण याच काकांकडे पुढच्या वर्षी मुंज असते. त्यामुळे उपेक्षेचे काम नकळत फोटोग्राफर करतो. ‘आता फक्त घरची मंडळी’ असे तो ओरडतो, सगळे स्टेजवर जातात आणि काकांना कोणी हाक मारलेली नसते. अशा वेळी काका छत सोडून प्रथमच समोर पाहतात. शेवटचा उपाय रसांतर, म्हणजे अचानक भीती किंवा आनंद उत्पन्न करून मूळ भावावरून मन उडवणे. दशरूपकात याची काव्यमय उदाहरणे शोभतात. मांडवात ‘मठ्ठा संपत आलाय’ या तीन शब्दांत काम होते.

अशा रुसव्याला शिक्षण, हुद्दा किंवा विचारसरणी आड येत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत हजेरीपत्रकावर सही करून लगेच बाहेर जिन्यात जाऊन बसणारे सभासद, गणेशोत्सवाच्या अहवालात नाव राहिल्यामुळे आरतीच्या वेळी टाळ न वाजवता नुसते हातात धरणारे माजी अध्यक्ष, ही त्याचीच रूपे होत. राज्याच्या राजकारणात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांचा एक कोपरा रुसव्याफुगव्यांसाठी राखीव असतो. या प्रकाराला बातमीदारांनी ‘नाराजीनाट्य’ असा शब्द घडवला, तेव्हा भरतमुनींचे ऋण त्यांनी कळत किंवा नकळत मान्य केले. नाराज नेता ‘नॉट रिचेबल’ होतो, असेही छापून येते. कॅमेऱ्यांना मात्र तो बहुधा सापडतो.

मोबाइलमुळे देहाशिवाय देहबोली शक्य झाली. घराण्याच्या व्हॉट्सॲप समूहातून बाहेर पडणे ही पाठ फिरवण्याची नवी रीत, आणि आपले छायाचित्र काढून तेथे करडी आकृती ठेवणे ही तोंड फिरवण्याची. बाहेर पडलेल्याला अर्ध्या तासात कोणी परत घेतले नाही तर तो ‘चुकून दाबलं गेलं’ असा निरोप धाडतो.

रुसणाऱ्या प्रौढांच्या घरात खरी परीक्षा मुलांची होते. ज्याँ पियाजे यांनी तीन डोंगरांच्या नमुन्याचा एक प्रयोग केला होता: मुलाला टेबलाच्या एका बाजूला बसवायचे, पलीकडे बाहुली ठेवायची आणि बाहुलीला डोंगर कसे दिसत असतील ते विचारायचे. लहान मूल आपल्याला दिसते तेच बाहुलीलाही दिसते असे मानते, आणि सात-आठ वर्षांच्या पुढे ते हळूहळू पलीकडची बाजू ओळखू लागते. रुसलेला प्रौढ या परीक्षेत अजून बाहुलीपलीकडे गेलेला नसतो; आपल्याला डोंगराएवढे दिसणारे लोणचे पलीकडच्यालाही डोंगराएवढेच दिसत असले पाहिजे, हे तो धरून चालतो. त्याच घरातले नऊ वर्षांचे मूल मात्र कुलपात किल्ली फिरण्याच्या आवाजावरून, चप्पल पायातून सुटली की झटकली गेली यावरून, आणि चहाचा कप बशीवर कसा टेकला यावरून संध्याकाळचा अंदाज बांधते, आणि हवामान खात्यालाही हेवा वाटावा इतका तो अचूक निघतो. स्वतःच्या भांडणांत ही मुले अधिक नेटकी असतात. कट्टी घ्यायची तर ती बोट पुढे करून जाहीर करावी लागते आणि बट्टीही तशीच जाहीर होते, त्यामुळे भांडण कधी सुरू झाले व कधी मिटले याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत राहत नाही. प्रौढांच्या अबोल्याला ना प्रारंभपत्र असते, ना समाप्तीचा दाखला.

अबोल्याच्या काळात घरातली टपालसेवाही मुलांकडेच येते. आजोबा बैठकीच्या खोलीत, आजी स्वयंपाकघरात, मध्ये सहा पावलांचे अंतर आणि एक नात. आजी म्हणते, ‘त्यांना म्हणावं, यायचं तर या, नाहीतर झाकून ठेवते.’ नात सहा पावले चालते, आणि चालता चालता मजकुरात आवश्यक ते संपादकीय बदल करते. ‘आजोबा, आजी म्हणाली, तुम्ही आल्याशिवाय ती जेवणार नाही.’ आजोबा लगेच उठत नाहीत; लगेच उठणे त्या वयाला शोभत नाही. आधी ते चष्मा काढून पुसतात, वर्तमानपत्राची चौथ्यांदा घडी घालतात, ‘भूक नाही, पण बसतो’ असे भिंतीला सांगतात आणि जेवायला येऊन बसतात. पाण्याचा तांब्या पुढे ओढता ओढता, मान न वळवता, डाव्या बाजूला लोणचे वाढले आहे की नाही तेवढे पाहून घेतात.